तिकडची चूल

माझा चुलतभाऊ एका जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला होता. मी त्याला दादा म्हणायचे. जहाज उत्तरेकडच्या थंड समुद्रात सीलच्या शिकारीला जायचं. घरी त्यानं मासेमारीचं जहाज आहे असं सांगितलं होतं. मला खरं माहीत होतं, कारण बर्फावर ओळीनं पडलेल्या सीलचा एक फोटो त्यानं मला पाठवला होता आणि खाली लिहिलं होतं, घरी दाखवू नको. मी दाखवला नाही. त्याच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या काकांच्या गळ्यात माळ आहे. त्यांच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही.

ते जहाज दोन्ही बाजूंनी बर्फात दाबलं गेलं, कलंडलं आणि बुडालं. बरेच जण त्याआधी बर्फावर उतरले होते. त्यातल्या काहींना हेलिकॉप्टरनं उचललं. दादा चौघांबरोबर बर्फाच्या ज्या तुकड्यावर उतरला होता तो वाऱ्यानं मोकळा होऊन वाहत गेला. तो परत कुणाला दिसला नाही. एवढं सगळं आम्हाला हळूहळू कळलं. पहिल्या दिवशी मुंबईच्या एजंटनं काकांना फोनवर एवढंच सांगितलं की जहाज गेलं आणि तुमचा मुलगा सापडत नाही.

काकांनी माझ्या बाबांना फोन केला. बाबांनी सांगितलं की आमच्या मुलीचं इंग्रजी चांगलं आहे, पुढचे फोन तिच्या नंबरवर घ्या. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का, ते मला सांगता येत नाही. मी अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं टाळते. जेवण मागवलं आणि डिलिव्हरीवाल्याला पत्ता सापडला नाही तर मी आईकडे फोन देते.

आम्ही सूसला राहतो, सोसायटीत. माझी कंपनी हिंजवडीत आहे, पण आठवड्यातले बरेच दिवस काम घरून चालतं. बाबांनी मला लॅपटॉप आणि एका बॅगेसकट मुळशीत काकांच्या घरी आणून सोडलं. ते काकांशेजारी थोडा वेळ बसले. दोघं भाऊ अंगणातल्या आंब्याकडे बघत होते. मग बाबा म्हणाले, उद्या ड्युटी आहे, आणि गेले.

घरात काका आणि वहिनी, एवढेच. काकू जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी ताम्हिणीकडची. लग्न झालं तेव्हा तिला वाटलं होतं की दादा पिरंगुटच्या कारखान्यात आहे तिथेच राहील. मग त्यानं जहाजाचा कोर्स केला. वहिनी मला वन्सं म्हणते. मी तिच्याहून लहान आहे तरी ती मला अहो-जाहो करते. मला ते कधीच सवयीचं झालं नाही.

मी पोहोचले त्या संध्याकाळीच भावकीतल्या बायका जेवण घेऊन आल्या. पुढे समोरच्या घरातल्या काकू होत्या. त्यांच्या हातात पिठल्याचं पातेलं होतं, मागच्या दोघींकडे भाकऱ्या आणि भात. आमच्यात माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. भावकी पाळी लावते आणि एकेका घरानं जेवण आणून घालायचं असतं. पिठलं, भाकरी, भात, बिनफोडणीचं काहीतरी. कुणी ठरवून सांगत नाही. बातमी आली की सगळ्यांच्या घरी बेसन भिजतं.

तोपर्यंत वहिनी मधल्या दाराला टेकून बसली होती. बायका पायरीवर आल्या तशी ती उठली. आत गेली, गॅस पेटवला, तवा ठेवला आणि परात खाली घेऊन पीठ मळायला लागली. बायका उभ्याच राहिल्या. भाकरी थापल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू येत होता.

समोरच्या काकू आत डोकावून म्हणाल्या, "सूनबाई, जेवण आणलंय."

वहिनी म्हणाली, "आमचं व्हतंय की घरात."

बायका पातेलं घेऊन परत गेल्या. जाताना त्यांच्यातली एक म्हणाली की लई ताठा आहे, दुसरी म्हणाली की ताठा कसला, डोकं ठिकाणावर नाही तिचं. त्या हळू बोलत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घराची पाळी होती. तेच झालं. वहिनीचा गॅस त्यांची चाहूल लागली की पेटायचा. पण पाळी थांबेना. आपल्या घरापासून पाळी मोडली असं कुणालाच नको होतं. आणलेलं जेवण परत घरी नेऊन खायचं नसतं, त्यामुळे पहिल्या दिवशीचं पिठलं गुरांपुढे गेलं. मग कुणालातरी काकांच्या खोल्या आठवल्या.

काकांनी घरामागे चार खोल्या बांधून भाड्यानं दिल्या आहेत. त्यातल्या एका खोलीत तिघं राहायचे. हिंजवडीच्या टॉवरना काचा बसवायचं काम करायचे, बोलणं हिंदी. संध्याकाळी दमून यायचे आणि रोज खिचडी. भावकीनं डबा त्यांच्या दारात ठेवायला सुरुवात केली. आधी ते संकोचले. त्यांना वाटलं कसलीतरी पूजा आहे. काय झालंय ते मीच त्यांना सांगितलं. त्यांनी डबा खाली ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून जेवले. भांडी घासून, पुसून, ज्याची त्याच्या घरी पोचवायचे.

फोनला रेंज फक्त त्या खोल्यांच्या गच्चीवर यायची. मी लॅपटॉप घेऊन तिथेच पत्र्याच्या सावलीत बसायचे. एप्रिलचं ऊन होतं. गच्चीवरून धरणाचं पाणी दिसायचं, आत आत गेलेलं, आणि मध्ये तडकलेली माती. मीटिंगमध्ये मी नुसती मान हलवायचे. ऑफिसात मी कुणाला काही सांगितलं नव्हतं.

ऊन उतरताना तिकडून फोन यायचा. तिकडे तेव्हा दुपार असायची. जिथून ते जहाज निघालं होतं त्या बंदराच्या गावातल्या एक बाई बोलायच्या. त्या शाळेत शिक्षिका होत्या, आता निवृत्त. गावातल्या लोकांनी मिळून मदतीचं काम हातात घेतलं होतं आणि लांबच्या घरांना फोन करायचं काम या बाईंकडे होतं. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की मी सरकारी नाही, कंपनीची नाही, मला जे कळेल ते मी तुम्हाला सांगेन. मी ओके म्हटलं. मग त्या थांबल्या, मी काही विचारेन म्हणून. मी परत ओके म्हटलं. तेव्हा त्या स्वतःच बोलत राहिल्या.

त्यांच्यामुळे मला ते गाव दिसायला लागलं. गावाचा एक हॉल आहे, लग्नाबिग्नाचा. तिथे खाटा टाकल्या होत्या. बर्फावरून आणलेली माणसं आधी तिथे येत. त्यांचे बूट कापून काढावे लागत. ओले कपडे दोऱ्यांवर वाळत घातलेले असत आणि हॉलमध्ये लोकरीचा वास भरलेला असे. गावातल्या बायका आळीपाळीनं सूप करत. हॉलच्या मागच्या बाजूला लाकडावर चालणारी एक मोठी जुनी शेगडी होती. त्या गावाची एक रीत होती. बर्फावर कुणी बाहेर असेल आणि शोध चालू असेल तोवर ती शेगडी विझू द्यायची नाही. रात्री खायला कुणी नसलं तरी एक जण बसून लाकडं सारत राहतो.

मी खाली आले आणि वहिनीला सांगायचं ते सांगितलं. हवा खराब आहे, विमान उडालं नाही, उद्या उडेल. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. मग मला वाटलं की शेगडीचं पण सांगावं. मी कसं सांगितलं ते आठवत नाही. माझं मराठी अशा वेळी तुटक होतं. पण वहिनीचे हात थांबले.

"म्हंजी चूल चालू हाय त्यांची," ती म्हणाली.

त्यानंतर ती रोज तेवढंच विचारायची. मी जिन्यावरून उतरताना दिसले की ओट्याकडूनच तिचा प्रश्न यायचा. विमानाचं, वाऱ्याचं, बर्फ कुठल्या दिशेला सरकतंय याचं मी सांगायचे, ते ती ऐकून घ्यायची, पण शेजारच्या घरचं काहीतरी ऐकावं तसं. चूल चालू आहे म्हटलं की पीठ काढायची. मी पण मग बाईंना फोन ठेवताना विचारायला लागले. त्यांना त्याचं आश्चर्य वाटलं नाही. एकदा त्या म्हणाल्या, थांब, आणि फोन घेऊन चालत गेल्या. लाकूड तडतडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी वहिनीला वर बोलावणार होते. तेवढ्यात रेंज गेली.

एकदा बाईंनी दादाच्या हाताचं माप विचारलं. गावातल्या बायका सापडत नसलेल्या प्रत्येकासाठी हातमोजे विणत होत्या. माणूस आला की आधी हात गरम करायचे असतात, असं त्या म्हणाल्या. मला माप माहीत नव्हतं. मी खाली येऊन वहिनीला विचारलं. तिनं हात धुतला, पदराला पुसला आणि माझ्या तळहातावर तिचा तळहात ठेवला. म्हणाली, माझ्यापेक्षा एक पेर मोठा, आणि इथं, अंगठ्याकडं, रुंद. तिचा हात पाण्यानं गार होता. मी तो तसाच धरून मनात मोजत राहिले. मग वर जाऊन इंचात सांगितलं.

इकडे भावकीत कुजबुज वाढली. समोरच्या काकूंनी नव्या खोल्या बांधल्या होत्या आणि त्यांची वास्तुशांत ठरली होती. त्यांनी ती आपणहून पुढे ढकलली. कुणी सांगितलं नव्हतं. पण मग किती पुढे, हा प्रश्न आला. सुतक धरायचं की नाही, धरलं तर कधीपासून. एका सकाळी भावकीतली दोन वयस्कर माणसं काकांकडे आली. चहा झाला. देह मिळत नाही तेव्हा दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात, असं ते काकांना समजावत होते. बर्फात कोण वाचतंय, असं म्हणाले. ते वाईट बोलत नव्हते. त्यांतल्या एकानं दादाला पोहायला शिकवलं होतं.

आत वहिनी फोडणी देत होती, मोहरीचा आवाज बाहेर येत होता.

"तिची चूल पेटतीया," काका म्हणाले. "तवर मी काय बोलू?"

माणसं उठली. जाताना त्यांनी मला विचारलं की तिकडची बाई नक्की काय म्हणते. मी म्हटलं, शोध चालू आहे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इंग्रजीत काहीतरी जास्त सांगितलं असेल आणि मी ते मराठीत कमी केलं असेल. मी काही कमी केलं नव्हतं.

मग हळूहळू भावकीनं नाद सोडला. सुतक नाही आणि सुतक आहे, दोन्ही. पाळी मात्र चालूच. आता सगळ्यांना माहीत होतं की डबा मागच्या खोलीत जाणार. तरी आधी आमच्या दाराशी यायचं, जेवण आणलंय म्हणायचं, वहिनीनं आमचं होतंय म्हणायचं, आणि मग मागे जायचं. रोज तीच दोन वाक्यं. दोन्हीकडून आवाज वाढत नव्हता की उतरत नव्हता. एखादीला घाई असली तर ती दाराशी थांबायची पण चप्पल काढायची नाही.

खोलीतल्या तिघांना आता चव कळायला लागली होती. एक जण मला गच्चीच्या जिन्यात भेटला की विचारायचा, "दीदी, आज किसका डिब्बा है?" कुणाच्या भाकऱ्या जाड, कुणाचा भात मोकळा, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांना भात आवडतो हे कळल्यावर भाकऱ्या कमी झाल्या. पिठल्याला लसणाची फोडणी आली. मग पिठलंच गेलं. कुणी छोले केले, कुणी बटाट्याचा झणझणीत रस्सा. एकीनं बोंबलाची चटणी दिली आणि दुसऱ्या दिवशी भांडं परत देताना त्या मुलांनी एवढं कौतुक केलं की बाई घरोघर सांगत फिरली. दोन घरांमध्ये थोडी चढाओढ लागली. मी हे सगळं वरून बघायचे. मला त्यात वाईट काही वाटलं नाही. मला तेव्हा काही वाटतच नव्हतं. मी कामाचे मेल वेळेवर पाठवत होते.

हॉलमधल्या खाटा रिकाम्या व्हायला लागल्या. बरे झालेले लोक आपापल्या गावी जात होते. बाईंचा आवाज बसला होता. दादाचे हातमोजे विणून झाले, असं त्यांनी सांगितलं. करड्या रंगाचे, मनगटाला पांढरी पट्टी.

त्या दिवशी फोन नेहमीपेक्षा लवकर आला. ऊन अजून गच्चीवर होतं. बाईंनी आधी विचारलं की मी बसलेली आहे का. मी उभी होते, तरी हो म्हटलं. त्या म्हणाल्या की विमानं परत बोलावली आहेत. आता ती परत उडणार नाहीत. एवढ्या थंडीत माणूस जितके दिवस टिकू शकतो त्याच्या खूप पुढे आपण गेलो आहोत. आज संध्याकाळी सगळे शेवटचं जेवतील आणि मग शेगडीत लाकूड घालायचं थांबवतील. मी तुला आधी सांगते आहे, त्या म्हणाल्या, कारण ती विझल्यावर तुम्हाला कळावं असं मला वाटत नव्हतं. मी थँक यू म्हटलं. त्यांनी विचारलं, हातमोजे पाठवू का? मी म्हटलं, विचारून सांगते.

जिना उतरताना मला वाक्य जुळवता येईना. मराठीत आधी काय सांगायचं, विमान की शेगडी. वहिनीनं नुकती एक भाकरी तव्यावर टाकली होती. परातीत अजून पीठ होतं. काका दारात माठाशेजारी बसले होते.

"चूल?" तिनं विचारलं.

"आज विझवणारेत," मी म्हटलं.

तव्यावरच्या भाकरीला तिनं पाणी लावलं. उलटली. मग तवा काढून ती आचेवर धरली. भाकरी चांगली फुगली. ती टोपलीत ठेवली, बटण फिरवून गॅस बंद केला आणि मग खाली वाकून सिलिंडरचं बटणही बंद केलं. पीठ परातीतच राहिलं. ती येऊन मधल्या दाराला टेकून बसली, मी आले त्या दिवशी जिथे बसली होती तिथेच.

मी बाकीचं सांगितलं. विमानाचं, थंडीचं. हातमोजे पाठवू का विचारतात, हेही सांगितलं. ती म्हणाली की तिकडंच राहू द्या, तिथं कुणाला तरी लागतील. काकांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ते रडले नाहीत, म्हणजे मला दिसले नाहीत. मला कुठे बसायचं ते कळेना म्हणून मी वहिनीच्या बाजूला बसले, थोडं अंतर सोडून.

आम्ही कुणाला सांगायला गेलो नाही. कुणी जायला हवं होतं.

दिवस कलला तशा समोरच्या काकू आल्या. त्यांची पाळी होती. हातात मोठा डबा. त्या पायरीवर एक पाय ठेवून थांबल्या आणि रोजचं बोलल्या, "सूनबाई, जेवण आणलंय." बोलताना त्यांचं अर्धं अंग मागच्या खोल्यांकडे वळलेलंही होतं.

"द्या," वहिनी म्हणाली.

काकू तशाच राहिल्या. त्यांनी वहिनीकडे पाहिलं, मग ओट्याकडे, परातीतल्या पिठाकडे. मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. डब्यातून अंड्याच्या रश्श्याचा वास येत होता, भाजलेल्या खोबऱ्याचा, चांगला वास. सुतकाच्या घरात, माळकऱ्याच्या दारात. काकूंनी डब्यावर पदर ओढला. मग त्या वळल्या आणि अंगणातून जवळजवळ पळत गेल्या. एक चप्पल पायरीपाशीच राहिली.

थोड्या वेळानं समोरच्या घरातून भांड्यांचे आवाज यायला लागले. काकू कुणालातरी बेसनाचा डबा कुठे ठेवला म्हणून ओरडत होत्या. नंतर ओरडणं बंद झालं. गल्लीत एक-एक दार उघडल्याचं ऐकू येत होतं. बायका बाहेर येऊन उभ्या राहत होत्या, पण आमच्या अंगणात कुणी आलं नाही. जेवणाआधी रिकाम्या हातानं कसं यायचं, असं असेल. खोलीतले तिघं कामावरून परत आले, एवढ्या बायका दारात बघून थांबले. त्यांना कुणीतरी काहीतरी सांगितलं असावं. त्यांनी रोज चालू असतात ती मोबाइलवरची गाणी बंद केली.

आम्ही तिघं बसून होतो. घरात करण्यासारखं काहीच नव्हतं. एवढे दिवस त्या घरात सतत काहीतरी शिजत होतं, हे ते थांबल्यावर लक्षात आलं. माझा फोन एकदा थरथरला. बाईंनी एक फोटो पाठवला होता. तो मी उघडला नाही.

"मला भूक लागलीया," वहिनी म्हणाली. कुणाला उद्देशून नाही.

टोपलीत ती एक भाकरी होती. वहिनी तिच्याकडे बघत होती. मी उठून ती द्यायला गेले तर तिनं मानेनं नाही म्हटलं.

काकू आल्या तेव्हा अंधारत होतं. पिठल्याचं पातेलं फडक्यात धरलेलं, वाफ येत होती. मागे दोघी भाकऱ्या घेऊन. या वेळी त्या काही बोलल्या नाहीत. दुसरी चप्पल पायरीखाली काढून आत आल्या, पाट टाकला, ताट मांडलं. आधी काकांना वाढलं, मग वहिनीला, मग मला. आणि समोर बसून राहिल्या.

वहिनीनं भाकरीचा तुकडा मोडला. पिठल्यात बुडवून तोंडात घातला. ती बराच वेळ चावत होती. सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या आणि बघत नसल्यासारखं करत होत्या. तिनं दुसरा घास घेतला.

"मीठ कमी हाय," ती म्हणाली.

"व्हय," काकू म्हणाल्या. "घाईत झालं."

त्यांनी मिठाची वाटी पुढे सरकवली. वहिनीनं चिमूटभर घेतलं.